चेहरा बदामी की चौकोनी ते नंतर बघू, आधी नाक बघा

आज सकाळी भाचीचा मेसेज. "मावशी, माझा चेहरा बदामी आहे की चौकोनी? खरं सांग हं." सोबत फोटोंची माळ. केस मागे घट्ट बांधलेले, कपाळावर, गालफडांवर, जबड्यावर आडव्या रेघा मारलेल्या. कुठल्याशा रीलमध्ये सांगितलंय म्हणे, चेहरा असा मोजायचा आणि जो आकार येईल त्याप्रमाणे चष्म्याची फ्रेम घ्यायची. पोरीचा नंबर वाढलाय, नवा चष्मा करायचाय, आणि ती मला विचारतेय जबडा जास्त रुंद आहे का! पंधराव्या वर्षी! डोकंच फिरलं माझं.

तो तक्ता तुमच्याही नजरेखालून गेलाच असेल. गोल चेहऱ्याला चौकोनी फ्रेम, चौकोनी चेहऱ्याला गोल, बदामी चेहऱ्याला खालून भरीव, लांबट चेहऱ्याला उंच काचांची. आणि लंबगोल चेहऱ्याचे लोक भाग्यवान, त्यांना काहीही शोभतं. म्हणजे बाकी सगळे चेहरे मुळात बिघडलेले धरायचे आणि चष्मा चढवून त्यांना लंबगोलाकडे ढकलायचं. कोणी ठरवलं हे? चष्मा काय चेहऱ्याची दुरुस्ती करायला लावतात?

आईचा किस्सा काहींना माहीत आहे, तरी सांगते. आईचा नंबर मायनस नऊ, चेहरा गोल गरगरीत, नाक बसकं. नवा चष्मा करायला गेलो तर काउंटरवरच्या मुलाने तिच्याकडे एक नजर टाकली आणि म्हणाला, "मॅडम, राउंड फेसला राउंड फ्रेम चालतच नाही." पुढ्यात ठेवली ती मोठी, रुंद, आयताकृती फ्रेम. आईने हातात धरलेली होती एक छोटी गोल लाल. ती शांतपणे म्हणाली, "अरे बाळा, शोभेल का ते राहू दे. नाकावर टिकेल का ते सांग."

मुलगा गप्प. तक्त्यात नाक नसतंच ना!

आता जरा नंबराचं गणित बघा, कारण हे कुठलंच रील सांगत नाही. मायनसची काच मध्ये पातळ असते आणि कडेकडे जाड होत जाते. फ्रेम जितकी रुंद तितकी ती जाड कड वाट्याला येते. त्यात आपली बुबुळं काचेच्या बरोबर मध्यावर क्वचितच येतात, मोठ्या फ्रेममध्ये ती आणखी नाकाकडे सरकतात, म्हणजे कानाकडची कड आणखी जाड. मायनस नऊला छप्पन मिलिमीटर रुंद काचांची आयताकृती फ्रेम दिली तर बाजूने बघणाऱ्याला सोडावॉटरच्या बाटलीचा तळ दिसणार, १.६७ इंडेक्सची, म्हणजे खास पातळ केलेली महागडी काच घेतली तरी. आईच्या लाल फ्रेमच्या काडीवर आतून ४६-२०-१४० असं छापलेलं होतं. काचेची रुंदी ४६, दोन काचांमधलं अंतर २०, काडीची लांबी १४०, सगळं मिलिमीटरमध्ये. तुमच्या आत्ताच्या चष्म्याची काडी उलटून बघा, बहुतेक सापडतील असे आकडे. ते फोनमध्ये टिपून ठेवा. जबड्याच्या मापापेक्षा हजारपट कामाचे आहेत.

आणि आरसा! त्या आरशाचा मला सर्वांत जास्त राग आहे. जाड नंबरवाल्या माणसाने स्वतःचा चष्मा काढून नवी फ्रेम चढवली की त्याला आरशात दिसतं काय? धुकं. फ्रेममध्ये नुसत्या बिननंबरी शो-काचा असतात. म्हणजे ज्याने निवडायचं तोच आंधळा, आणि बाकी सगळे डोळस सल्ले देतात. आई आरशाला नाक टेकवून उभी होती आणि तो मुलगा म्हणतोय, "बघा ना मॅडम, किती छान दिसतंय." तिला काय दिसणार, कपाळ! मी फोनवर समोरून आणि बाजूने फोटो काढले, तिने जुना चष्मा लावून ते निवांत पाहिले. एवढी साधी गोष्ट आहे. पण फोटोतही अर्धंच खरं असतं, कारण नंबरची काच बसली की चेहरा बदलतो. मायनसमागे डोळे लहान दिसतात, गालाची कड आत ओढल्यासारखी दिसते. प्लसमागे डोळे मोठे होतात. हॅरल्ड लॉइड नावाचा विनोदी नट १९१७पासून पडद्यावर गोल चष्मा घालून वावरला आणि त्याला तो झकास शोभला, पण त्याच्या चष्म्याला काचाच नव्हत्या. आपल्याला काचा लागतात हो.

बरं, थोडं मान्य करते, नाहीतर कमेंटमध्ये धरतील. फ्रेमची रुंदी चेहऱ्याच्या रुंदीला साधारण मिळती हवी, नाहीतर काड्या कानशिलात रुततात किंवा बाहेर फाकतात. वरची कड भुवयांच्या वळणाशी भांडत नसेल तर चेहरा शांत दिसतो, हेही खरं. आणि टोकदार जबड्यावर टोकदार फ्रेम कधीकधी जरा जास्तच होते. झालं. इथपर्यंतच.

त्यापुढे नियम चालत नाहीत. बाबासाहेबांचा चेहरा भरलेला आणि चष्मा गोल, कोणाला कधी खटकलं? अमेरिकेतली ती फॅशनवाली आजी, आयरिस ॲफेल बघा. १९२१चा जन्म, २०२४ मध्ये गेली, वय १०२. एवढासा चेहरा आणि त्यावर बशीएवढा काळा गोल चष्मा. तक्त्याप्रमाणे शंभर टक्के चूक, आणि जगभर तिची ओळख तोच.

आमच्या दुकानात पुढे काय झालं ते राहिलंच. आईने लाल फ्रेम चढवली आणि परीक्षा घ्यायला लागली. खाली वाकून चपलेचा पट्टा लावला. मान हलवली. मग खदखदून खोटं हसली, सगळं दुकान वळून बघायला लागलं. पण त्यात अर्थ होता! हसताना गाल वर येतात आणि खालची कड गालांवर टेकली तर चष्मा उचलला जातो. बसक्या नाकावरून जाड ॲसिटेटचा, म्हणजे प्लास्टिकसारख्या फ्रेमचा, नाकावर टेकणारा अखंड ब्रिज बऱ्याचदा घसरतो, धातूच्या फ्रेमचे नोज पॅड मात्र आत-बाहेर वाकवता येतात. तिची लाल फ्रेम धातूचीच होती, पॅडवाली. मुलाने पॅड जरा जवळ घेतले, कानामागचं वळण नीट बसवलं, आणि चष्मा जागचा हलेना. तो मुलगा हाताचा चांगला होता, हे कबूल करायला हवं. त्याला कोणीतरी बोलायला तेवढं चुकीचं शिकवलं होतं.

पण मग तो म्हणालाच. "आजी, या वयात लाल? सोनेरी बारीक फ्रेम सोबर दिसेल."

मॅडमची आजी झाली बघा, लाल रंग आल्याबरोबर.

खरं तर एव्हाना माझा राग निवला होता, पण हे लिहिताना पुन्हा उसळला. वयाला शोभेल, हुद्द्याला शोभेल, बाईला शोभेल! जी वस्तू सकाळी डोळा उघडल्यापासून रात्री दिवा मालवेपर्यंत आपल्या तोंडावर असते, तिच्यात आपल्याला काय आवडतं हे शेवटी विचारायचं, किंवा विचारायचंच नाही. कपडे रोज बदलतो, चष्मा वर्षानुवर्षं तोच. आई म्हणाली, "सोबर मी आहेच, चष्मा लाल दे."

तिच्या ओळखीतली माणसं तिला अजून त्या लाल चष्म्यावरून गर्दीत शोधतात. जोडीला एक साधी काळी फ्रेमही तिने पुढे करून घेतली, पण ती पिशवीत पडून असते.

भाचीला मी आकार सांगितलाच नाही. लिहिलं, "तुझ्या जुन्या चष्म्याच्या काडीवरचे आकडे पाठव, नंबरचा कागद पाठव, आणि तुला घालायला मजा येईल अशा फ्रेमचा फोटो पाठव." आकडे आले, कागद आला. फोटो मात्र तासाभराने आला, आणि सोबत, "ही हिरवी आहे, मम्मी नको म्हणेल." ताई, तू ही पोस्ट वाचणार आहेस हे मला माहीत आहे. हिरवी घेऊ दे. ४८ची आहे, तिच्या नंबरला अगदी बरोबर.

आणि "एवढं कशाला, सरळ लेन्स लावा नाहीतर लेझर करून टाका" असं लिहायला ज्यांची बोटं शिवशिवतायत त्यांनी आधी स्वतःचा चष्मा पुसावा. तो बोटांच्या ठशांनी बरबटलेला आहे, मला तुमच्या डीपीत दिसतोय.