‘रविवारकर’ यांस उत्तर

कापायला नेलेली जनावरं ट्रकमधून कशी उतरवतात यावरच्या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली. लगेच उत्तर लिहिलं आणि खोडलं. आज परत बसलोय. इतरांना संदर्भ लागावा म्हणून तुमची वाक्यं जशीच्या तशी देतो: "मीही दर रविवारी मटण खातो, पण उगाच गळा काढत नाही. ज्याला कापायचंच आहे तो बोकड ट्रकमधून कसा उतरला याने काय फरक पडतो? तुम्हाला घरच्या धंद्याला सोवळं नेसवायचंय, बस."

आधी माझी चूक. २००१ च्या कत्तलखाना नियमांतली तासाला १२ आणि दिवसाला ९६ जनावरं तपासण्याची मर्यादा एका पशुवैद्यकामागे आहे. मी ती अख्ख्या कत्तलखान्याची असल्यासारखं लिहिलं होतं. तुम्ही दाखवलंत, मी दुरुस्त केलं. आभार.

आता सोवळं. माझे वडील खाटीक, परळला दुकान. हे लेखाच्या दुसऱ्याच ओळीत आहे, लपवलेलं नाही. १९७१ साली कत्तलखाना वांद्र्याहून देवनारला गेला, तेव्हापासून बाबा पहाटे तिकडे जात. पुढे सुट्टीत मीही बरोबर असे. शाळेत डबा खाताना माझ्या शेजारची जागा रिकामी राहायची, त्यामुळे हा शब्द कुठून येतो ते मला लांबूनही ओळखता येतं. तुम्ही गमतीने वापरला असेल. रविवारी रांगेत उभं राहून "थोडी चाप, थोडी मांडी, आणि कलेजी टाका हं" म्हणताना तो आठवतो का हो? असो.

तर ट्रक. मी दहा-अकरा वर्षांचा असेन. नगरकडच्या एका जनावरांच्या बाजारात बाबांबरोबर गेलो होतो. ट्रकला लावायला फळी नव्हती. एक माणूस वर उभा राहून बोकड कान आणि पाय धरून खाली सोडत होता. सोडत कसला, टाकतच होता. एकाचा पुढचा पाय मोडला. तो तीन पायांवर उठला आणि घाईघाईने कळपात शिरायला बघू लागला. बाबांनी तो माल घेतला नाही. भूतदया वगैरे काही बोलले नाहीत. मार लागला की रक्त साकळतं, तेवढं मटण टाकून द्यावं लागतं, एवढंच म्हणाले. आणि रात्रभर उपाशी, घाबरलेलं जनावर कापलं तर मांस काळपट निघतं, टिकत नाही. कारण मी नंतर वाचलं: धास्तीने स्नायूंतलं ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा साठा, आधीच संपलेलं असतं, मग कापल्यावर मांसात पुरेसं आम्ल तयार होत नाही. म्हणजे फरक पडतो साहेब, अगदी तुमच्या पातेल्यापर्यंत पडतो.

अर्थात पातेल्याचं मी तुमच्यासाठी सांगितलं. बोकडाला फरक पडतो, मला तेवढं पुरतं. सुरी शेवटी येते. त्याआधीचा प्रवास, उतरणं, दाव्याला बांधून काढलेली रात्र तो जिवंतपणी भोगतो. शेळी अंधारात पाऊल टाकत नाही. ओल्या फरशीवर एकीचा खूर सरकला की मागचा सगळा कळप अडतो. मग काठी काढायची, शेपटी पिळायची, नाहीतर पलीकडे एक दिवा लावायचा आणि फरशी खडबडीत करायची. बाबा तर एक शहाणा बोकड पुढे घालत, बाकीचे निमूट मागे जात. वाहनातून उतरायला रॅम्प हवा, एका जनावराच्या डोळ्यांदेखत दुसरं कापू नये, हे त्याच २००१ च्या नियमांत आहे. ते काही माझ्या घरच्यांनी लिहिलेलं नाही.

"नियम कागदावरच राहतात" असंही तुम्ही म्हणता. राहत असतील, म्हणून बोलायचंच नाही? बेशुद्ध करून कापण्याचा प्रश्न, प्राण्यांना क्रूरतेने वागवू नये म्हणून केलेल्या १९६० च्या कायद्यातलं धार्मिक पद्धतींना सूट देणारं २८ वं कलम, हे सगळं शेवटच्या दोन ओळींत तुम्ही ओतलंय. त्यात आत्ता शिरत नाही, माझा लेख ट्रक आणि उतरण्याबद्दल होता.

पुढच्या वेळी मात्र खऱ्या नावाने लिहा. माझं नाव, आडनाव आणि बापाचा धंदा, तिन्ही वर छापलेलं आहे.