दिवस राहिले म्हणून थायरॉईडची गोळी थांबवू नका

‘गरोदरपणात पहिले तीन महिने थायरॉईडची गोळी बंद ठेवा, बाळाला बाधते’ असा मेसेज सध्या फिरतोय. तो चुकीचा आहे. खरं तर नेमका उलटा.

थायरॉईड कमी असणाऱ्यांची ही गोळी, लेव्होथायरॉक्सिन, म्हणजे आपल्याच गळ्यातली थायरॉईड ग्रंथी जे संप्रेरक बनवते, तेच गोळीच्या रूपात. बाळाची स्वतःची ग्रंथी साधारण बाराव्या आठवड्यानंतर कामाला लागते. तोवर त्याच्या मेंदूच्या वाढीसाठी लागणारं संप्रेरक आईकडूनच येतं. म्हणजे मेसेज जे तीन महिने गोळी सोडायला सांगतो, त्याच काळात तिची गरज सगळ्यात जास्त! उपचार न झाल्यास गर्भपाताचा आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळंतपणाचा धोका वाढतो.

उलट डोस बहुतेकींचा वाढवावाच लागतो, अनेकदा पाव पटीने किंवा त्याहून जास्त. काही डॉक्टर आधीच सांगून ठेवतात: टेस्ट पॉझिटिव्ह आली की आठवड्याला सातऐवजी नऊ गोळ्या घे आणि लगेच फोन कर. पण हे जिचं तिच्या डॉक्टरने ठरवायचं, मनाने नाही. टीएसएच (थायरॉईडचं प्रमाण पुरेसं आहे का, हे दाखवणारा रक्तातला आकडा) गरोदरपणाच्या पहिल्या निम्म्या काळात दर चार आठवड्यांनी तपासतात. गोळी चालू असलेल्यांत तो साधारण २.५ च्या खाली ठेवायचा प्रयत्न असतो.

मेसेजमध्ये नसलेली, पण घरोघरी होणारी चूक वेगळीच: सकाळी थायरॉईडची गोळी आणि लोहाची गोळी एकाच घोटाबरोबर. लोह आणि कॅल्शियम तिला नीट शोषू देत नाहीत. मध्ये चार तासांचं अंतर हवं.

मेसेज वाचून गोळी थांबवली असेल, तर आजच डॉक्टरांना कळवा.