भावोजी, तुमच्यामागे संघटना होती

माझ्या भाचीने हिंजवडीतल्या तिच्या कंपनीत मॅनेजरविरुद्ध लेखी तक्रार दिली. ते कळल्यावर तिचे वडील, म्हणजे माझे भावोजी, पहिलं बोलले ते हे : "आमचे साहेब फायली भिरकवायचे. आम्ही गेलो का कुणाकडे रडत? म्हणून तर घडलो." तेव्हापासून मेलबर्नमध्ये मी हे वाक्य डोक्यात घेऊन फिरते आहे. ट्रॅममध्ये, भाजी चिरताना, भावोजींना उत्तरं देत असते. फोनवर दिली तर ताई म्हणते, "तू आता तिथली झालीस, तुला इथलं काय कळणार?" म्हणून लिहून काढते.

तक्रार साधी होती. रोजच्या कॉलवर सगळ्यांसमोर पाणउतारा, तिने केलेलं काम दुसऱ्याच्या नावावर, रात्री अकराला मेसेज आणि सकाळी "अजून झालं नाही?", वर अप्रेजलची धमकी. एचआरने काय केलं? तिला आणि त्या मॅनेजरला एकाच खोलीत बसवून सांगितलं की गैरसमज आपसांत मिटवून टाका. पंधरवड्यात भाची दुसऱ्या प्रोजेक्टवर गेली, मॅनेजर जागच्या जागी राहिला. घरचे म्हणतात, सुटलीस. मला हे सुटणं मान्य नाही. तक्रार करणारीची जागा बदलायची आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला एक प्रश्नही विचारायचा नाही, याला चौकशी म्हणत नाहीत.

जुलै 2024 मध्ये पुण्यातल्या एका मोठ्या ऑडिट फर्ममधली 26 वर्षांची चार्टर्ड अकाउंटंट गेली. नोकरीला जेमतेम चार महिने झाले होते. तिच्या आईने कंपनीच्या प्रमुखांना लिहिलेलं पत्र सप्टेंबरात देशभर वाचलं गेलं. मग चर्चा कशावर झाली? तासांवर. आठवड्याला 70 तास की 90, यावर उद्योगपती बोलले, चॅनेलवाले बोलले, आमचे नातेवाईकही बोलले. 2018 मध्ये सुप्रिया सुळे यांनी लोकसभेत खासगी विधेयक मांडलं, तेही कामाच्या वेळेनंतर फोन न उचलण्याच्या हक्काबद्दल होतं. तो हक्क हवाच. इथे ऑस्ट्रेलियात तो ऑगस्ट 2024 पासून आहे. पण नोकरीत नवीन असलेल्या मुलीने वरिष्ठाविरुद्ध तक्रार कुणाकडे करायची, ती कोण ऐकणार, किती दिवसांत, हे कुणी विचारलंच नाही.

इथेही एक मुलगी गेली होती. 2006 मध्ये, मेलबर्नच्या हॉथॉर्न उपनगरातल्या एका कॅफेत वेट्रेस होती, वय 19. सहकाऱ्यांच्या सततच्या छळापायी तिने आयुष्य संपवलं. 2010 मध्ये कंपनी, तिचा संचालक आणि तीन कर्मचारी यांना मिळून 3,35,000 डॉलर दंड झाला, पण तुरुंगात कुणीच गेलं नाही. आईवडील गप्प बसले नाहीत. 2011 मध्ये व्हिक्टोरियाने, म्हणजे मेलबर्न ज्या राज्यात आहे त्याने, कायदा बदलला आणि अशा गंभीर छळाला दहा वर्षांपर्यंत कैद ठेवली. जानेवारी 2014 पासून तर नोकरीत असलेला माणूस छळ थांबवण्याच्या आदेशासाठी थेट फेअर वर्क कमिशनकडे, म्हणजे नोकरीतले तंटे सोडवणाऱ्या सरकारी संस्थेकडे, जाऊ शकतो. अर्ज आल्यावर 14 दिवसांच्या आत त्यांना काम सुरू करावं लागतं. भरपाई मिळत नाही. आणि मॅनेजरने वाजवी कारणासाठी, वाजवी पद्धतीने कान उपटले तर तो छळ धरत नाहीत. भावोजी म्हणतात, "उद्या कुणी कुणाला रागावायचंच नाही का?" त्यांना माझं उत्तर हेच आहे : रागवा, पण वाजवी रागवा, आणि ते वाजवी होतं की नाही हे तिसऱ्या कुणाला ठरवू द्या.

इथली माणसं आपल्यापेक्षा चांगली आहेत, असं मी म्हणत नाही. मृत्यूंची कारणं शोधणाऱ्या व्हिक्टोरियाच्या कोरोनर्स कोर्टातच वर्षानुवर्षं इतकं विषारी वातावरण होतं, की तिथल्या एका वकील बाईंनी 2018 मध्ये आत्महत्या केली. पण 2023 मध्ये कोर्टाचा कारभार पाहणाऱ्या संस्थेवर खटला झाला, तिने गुन्हा कबूल केला आणि तिला 3,79,157 डॉलर दंड झाला. सरकारी यंत्रणेने सरकारी यंत्रणेलाच, तेही न्यायालयाशी जोडलेल्या, कोर्टात खेचलं. असं एक उदाहरण मला आपल्याकडचं दाखवा, मी गप्प बसेन.

मी स्वतः इथे एका चौकशीत साक्षीदार होते. तक्रार एका नेपाळी मुलीची होती, कंपनीने स्पॉन्सर केलेल्या व्हिसावर आलेली. अशा व्हिसावरच्या माणसाला नोकरी सुटली तर नवा स्पॉन्सर शोधायला तेव्हा 60 दिवस मिळायचे. जुलै 2024 पासून ते 180 झाले, आणि माझ्या मते इथल्या कामगारांसाठी झालेल्या बदलांत याच्याइतका मोलाचा दुसरा नाही. ज्याच्याविरुद्ध तक्रार होती तो आपलाच, मराठी. बाहेरची एक वकील बाई चौकशीला आली. आरोप क्रमवार लिहून त्याच्या हातात दिले, उत्तराला वेळ दिला. दोघांनाही सपोर्ट पर्सन, म्हणजे आधाराला सोबत बसणारं माणूस, आणू दिलं. माझा जबाब टाइप करून आला, मी दुरुस्त्या केल्या, सही केली. मी जे पाहिलं होतं तेच सांगितलं. काही आरोप सिद्ध झाले, काही नाही. तो समझोता करून गेला. त्या मुलीला निकाल दोन परिच्छेदांत कळवला, अहवाल कधी दाखवलाच नाही. थोड्या दिवसांनी तीही गेली, पण तिच्या नावावर कुठलाही डाग न लागता.

हे सगळं गोपनीय होतं. तरी गणपतीत एक बाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "आपल्या माणसाला सांभाळून घ्यायला हवं होतं." त्यानंतर काही घरांतून हळदीकुंकवाचं बोलावणं यायचं थांबलं. ऑफिसातल्या गोऱ्या सहकाऱ्यांनी मला धाडसी म्हटलं, एकमेकांची विचारपूस करायच्या 'आर यू ओके डे'ला कपकेक आणून दिले, आणि शुक्रवारच्या ड्रिंक्सना ते पूर्वीसारखेच माझ्याशिवाय गेले. पुण्यात मी तिथली, इथल्या मराठी मंडळींत मी फितूर, ऑफिसात मी एक गुणी परदेशी बाई. ताईचं ते वाक्य झोंबतं ते म्हणूनच.

आणि दुसरंही एक कारण आहे, ते ताईलाही माहीत नाही. मी पुणं सोडलं ते चांगली संधी आली म्हणून, असं सगळ्यांना वाटतं. संधी आली होती, पण ती मी शोधायला लागले ती एका साहेबांमुळे. तेव्हा तक्रारीचा विचारही मनात आला नाही, कारण रिलिव्हिंग लेटर आणि अनुभवपत्र त्यांच्याच हातात होतं. पुढची नोकरी जुन्या साहेबाच्या सहीवर अवलंबून असेल तर माणूस तोंड उघडत नाही. तो साहेब नसता तर मी आज कोथरूडला ताईच्या शेजारी राहत असते. त्याने मला घडवलं नाही, घालवलं.

"आपल्याकडे असलं चालत नाही" हे मला कुणी सांगू नये. सुप्रीम कोर्टाच्या 1997 च्या विशाखा निकालातून 2013 चा लैंगिक छळाविरुद्धचा कायदा आला. दहा माणसं कामाला असली की समिती, तिच्यात एक बाहेरचा सदस्य, 90 दिवसांत चौकशी, आणि अहवालाची प्रत दोन्ही बाजूंना. हे शेवटचं तर त्या नेपाळी मुलीला मेलबर्नमध्येही मिळालं नाही. अंमलबजावणी कशी होते हे मला ठाऊक आहे, तरी साचा आपलाच आहे आणि चांगला आहे. तोच इतर छळाला का लावू नये? नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही 20 किंवा जास्त कामगार असले की तक्रार निवारण समिती आहे, तिच्या कामाला 30 दिवसांची मुदत आहे. पण महिना 18,000 रुपयांच्या वर पगार असलेला पर्यवेक्षक त्यात कामगार धरत नाहीत. माझ्या भाचीच्या हाताखाली दोन मुलं दिली आणि नावापुढे 'लीड' लावलं, की कंपनीला तिला त्या समितीपासून लांब ठेवायला निमित्त मिळालं.

आता भावोजींकडे येते. ते बँकेत क्लार्क होते तेव्हा त्यांच्या शाखेतल्या कॅशियरला चार्जशीट मिळालं. त्याच्या बाजूने चौकशीत संघटनेचा प्रतिनिधी म्हणून कोण बसलं? भावोजी. रात्र रात्र जागून त्यांनी उलटतपासणीचे प्रश्न काढले होते, व्हाउचर मागवले होते, चौकशी अधिकाऱ्याला प्रत्येक बैठकीचं इतिवृत्त द्यायला लावलं होतं. तो कॅशियर निर्दोष सुटला. ही गोष्ट मी त्यांच्याच तोंडून कितीतरी दिवाळ्यांना ऐकली आहे. फायली भिरकवणाऱ्या साहेबासमोर तुम्ही ताठ उभे राहिलात, भावोजी, कारण पाठीशी सबंध संघटना होती. तुमच्या मुलीच्या पाठीशी कोण आहे?

भाचीला मी सांगितलंय की मेसेज जपून ठेव, प्रत्येक प्रसंगाची तारीख आणि हजर असलेल्यांची नावं लिहून काढ, एचआरशी तोंडी बोलणं झालं की त्याच दिवशी ईमेल कर. पण मी इथून एवढंच सांगू शकते. चौकशी कशी चालवायला लावायची हे आमच्या घरात भावोजींइतकं कुणालाच येत नाही. त्यांनी मुलीजवळ बसून तक्रार पुन्हा लिहावी, आरोपांना क्रमांक द्यावेत, बाहेरचा चौकशी अधिकारी मागावा आणि पुढच्या बैठकीला तिचा प्रतिनिधी म्हणून स्वतः जावं. कंपनी त्यांना आत सोडणार नाही. तो नकार त्यांनी लेखी मागावा.