‘अभ्यासू वाचक’ यांना उत्तर: लाटा मोजण्याबद्दल

नमस्कार.

काल रात्री पावणेबाराला आलेली आपली प्रतिक्रिया मी काढलेली नाही. इतरांनीही वाचू दे. सिग्नस एक्स-१ या कृष्णविवरावरच्या माझ्या लेखावर आपले आक्षेप तीन. कोरोनाचं, म्हणजे कृष्णविवराजवळच्या अतितप्त वायूचं, तापमान मी सेल्सिअसमध्ये दिलं. कोरोना कृष्णविवराच्या डोक्यावर टांगलेल्या कंदिलासारखा रंगवला, पण ध्रुवीकरणाच्या (क्ष-किरणांच्या लहरी कुठल्या दिशेत कंप पावतात त्याच्या) मोजमापांनुसार तो तबकडीच्या, म्हणजे कृष्णविवराभोवती फिरत आत ओढल्या जाणाऱ्या वायूच्या चकतीच्या, पातळीत पसरलेला असावा. आणि तिसरं, आपल्याच शब्दांत: ‘हर्णैच्या किनाऱ्यावर बसून लाटा मोजणाऱ्यांनी कृष्णविवरांच्या भानगडीत पडू नये.’

पहिलं मान्य. केल्विनच हवं होतं. शंभर कोटी अंशांत २७३ चा फरक पडत होता, तो दुरुस्त केला आहे. झालं समाधान?

आता लाटांचं बघू. अहो, शास्त्रज्ञ तरी दुसरं काय मोजतात? सिग्नस एक्स-१ हे १९६४ मध्ये रॉकेटवरच्या उपकरणांना सापडलं. सुमारे २१ सूर्यांचं वस्तुमान, सात हजार प्रकाशवर्षांहून जास्त अंतर. तिथली तबकडी वेगळी दाखवील अशी दुर्बीण नाही. हाती लागतो तो क्ष-किरणांचा चढउतार, पार मिलिसेकंदापर्यंतचा. तेवढ्या वेळात प्रकाश ३०० किलोमीटर जातो, म्हणजे लुकलुकणारी जागा केवढीशी असेल याचा अंदाज येतो. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तयार झालेलं लॅक्सपीसी हे क्ष-किरण टिपणारं उपकरण २०१५ साली ॲस्ट्रोसॅट या भारतीय उपग्रहाबरोबर वर गेलं ते असले चढउतार टिपायलाच.

माझे वडील तांडेल होते. लहानपणी मचव्यावर त्यांनी मला पहिली शिकवलेली गोष्ट म्हणजे अष्टमीचा भांग, म्हणजे मंद भरती, आणि अमावास्येचं उधाण. उधाणाला पाणी नुसतं चढत नाही, पुळणीवरची प्रत्येक लाटही जोरात येते. पुढे २६ वर्षं शाळेत भौतिकशास्त्र शिकवलं आणि निवृत्तीनंतर वाचताना कळलं, की कृष्णविवराचंही तसंच आहे. स्रोत उजळला की त्याचं लुकलुकणंही त्याच प्रमाणात वाढतं. तबकडीच्या बाहेरच्या भागातले संथ चढउतार आत सरकतात, आतले झटपट चढउतार त्यांच्यावर स्वार होतात. बेरीज नव्हे, गुणाकार. शेवटी सगळं पोचतं कोरोनापाशी. तिथले तापलेले इलेक्ट्रॉन तबकडीतून आलेल्या मवाळ, कमी ऊर्जेच्या फोटॉनांना (प्रकाशकणांना) धक्के देऊन त्यांचे कडक, जास्त ऊर्जेचे क्ष-किरण करून सोडतात. ही भरती मी बंदरावर बसून समजावली तर आपल्याला ती गावंढळ वाटते. वातानुकूलित सभागृहात पडद्यावर दाखवली असती तर टाळ्या दिल्या असत्यात.

‘भानगड’ हा शब्दही जरा जपून वापरा. चाळीस वर्षं पोरांना प्रश्न विचारायला शिकवणाऱ्याला... असो, २६ वर्षं. नाहीतर तेही पकडाल.

कंदिलाचा मुद्दा राहिला. चित्र सोपं पडावं म्हणून तसं काढलं होतं. ध्रुवीकरण हा वेगळा विषय आहे, त्यावर सवडीने लिहीन. सध्या पाऊस तोंडावर आलाय आणि माझ्या छपराची कौलं चाळायची बाकी आहेत.

तोवर पुन्हा लिहावंसं वाटलं तर खुशाल लिहा. फक्त खाली स्वतःचं नाव घाला. माझं लेखावर छापलेलं आहे, गावासकट.