ग्रिडची बॅटरी म्हणजे जिन्याखालचा इन्व्हर्टर नव्हे

आमच्या कोथरूडच्या सोसायटीच्या ग्रुपवर आठवडाभर एक फॉरवर्ड फिरतोय. ग्रिडला, म्हणजे वीजपुरवठ्याच्या जाळ्याला, बॅटऱ्या जोडणं म्हणजे निव्वळ उधळपट्टी, असं त्यात म्हटलंय. बॅटरी वीज बनवत नाही, उलट खाते, तीन वर्षांत भंगारात जाते, दोन तासांत संपते, पेट घेते, आणि घरची कोयना असताना ही हौस कशाला? मी इलेक्ट्रिकलवाला, म्हणून चौघांनी मला टॅग केलं.

‘बनवत नाही, खाते.’ कबूल. गच्चीवरची टाकीही पाणी बनवत नाही. १०० युनिट भरली तर साधारण ८५ परत मिळतात. पण आपल्याच गच्चीवरचे पॅनल दुपारी एकला जोरात असतात तेव्हा घरं रिकामी, आणि संध्याकाळी सातला लिफ्ट, पंप, एसी, गाड्यांचं चार्जिंग सगळं एकदम सुरू होतं, तेव्हा पॅनल गार. दुपारची वीज घ्यायला कुणी नसेल तर सोलर बंद ठेवावं लागतं, म्हणजे १५ नाही, १०० च्या १०० गेली.

‘तीन वर्षांत भंगार’ हे कुठून आलं ते मला पक्कं ठाऊक आहे. लोडशेडिंगच्या काळात आमच्याही जिन्याखाली इन्व्हर्टर होता. सहा बुचं उघडून नरसाळ्यानं डिस्टिल्ड वॉटर घालायचं काम माझ्याकडे. दोनदा विसरलो, प्लेटा उघड्या पडल्या, बॅटरी भंगारवाल्याकडे गेली. ती लेड-ॲसिडची. ग्रिडवर आता बहुतेक लिथियम आयर्न फॉस्फेट असते. ती हजारो वेळा भरते-रिकामी होते. क्षमता हळूहळू उतरते, पण ती उतरणार हे धरूनच आखणी करतात.

‘दोन तासांत संपते.’ हो, आणि अनेकदा दोन मिनिटंही पुरतात. आपल्या ग्रिडची फ्रिक्वेन्सी, म्हणजे विजेची सेकंदाला होणारी आवर्तनं, ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झमध्ये ठेवायची असते. वीज बनवणारा एखादा मोठा संच अचानक बंद पडला की ती काही सेकंदांत घसरते. कोळशाच्या संचाला जोर वाढवायला वेळ लागतो. बॅटरी डोळ्याचं पातं लवायच्या आत वीज सोडते. दक्षिण ऑस्ट्रेलियात हॉर्न्सडेलला २०१७ मध्ये १०० मेगावॅटची बॅटरी बसली. पूर्ण जोरानं चालवली तर जेमतेम सव्वा तासाची. फ्रिक्वेन्सी सांभाळून तिनं कमाई केली, आणि २०२० मध्ये ती वाढवून १५० मेगावॅटची केली. मात्र आषाढात आठवडाभर ढग राहिले तर ही बॅटरी तारणार नाही, एवढं फॉरवर्डवाल्यांना द्यायला हवं.

‘पेट घेते.’ हा मुद्दा हसण्यावारी नेऊ नका. जानेवारी २०२५ मध्ये कॅलिफोर्नियात मॉस लँडिंगला मोठी आग लागली. पण तिथे वेगळ्या रसायनाच्या बॅटऱ्या एका जुन्या इमारतीत दाटीनं रचलेल्या होत्या. आता उघड्यावर, अंतर राखून कंटेनर ठेवतात. आपल्या भागात कुणी बॅटरी बसवणार असेल तर ते अंतर किती, हे जरूर विचारा.

राहिली कोयना. १९६० मेगावॅट, संध्याकाळच्या मागणीला धावून येते, वाद नाही. पण तिच्या विजेसाठी पश्चिमेला वळवायच्या पाण्यावर कृष्णा लवादानं वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली आहे, आणि चिपळूणकडे उतरलेलं पाणी परत वर येत नाही. पाणी पुन्हा वर चढवणारा प्रकल्प आपल्याकडे आहे, घाटघरचा, २५० मेगावॅटचा. तोही साठवतोच, आणि पाणी चढवताना बॅटरीपेक्षा जरा जास्तच वीज खातो. त्याच्यावर मात्र फॉरवर्ड आलेला नाही.