‘नुसतं उताणं पडून घसरणं’: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया सकाळी वाचली आणि खरं सांगायचं तर आधी चिडलोच. दुपारच्या चहापर्यंत राग ओसरला, मग लिहायला बसलो. चार ओळींत मावेना, म्हणून उत्तर वेगळं टाकतोय.

मूळ लेख ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी: मी २०१८च्या प्याँगचांग हिवाळी ऑलिंपिकमधल्या पुरुष एकेरी ल्यूज शर्यतीबद्दल लिहिलं होतं (ल्यूज म्हणजे गोठवलेल्या उतरत्या धावपट्टीवर घसरगाडीवरून होणारी वेळेची शर्यत). तुमचं म्हणणं असं की, ल्यूज म्हणजे उताणं पडून घसरणं, बाकी काम गुरुत्वाकर्षणाचं. सुवर्णपदक मिळवणारा ऑस्ट्रियाचा ग्लाइर्शर जिंकला नाही, जर्मनीचा लॉख हरला. चौतिसाव्या आलेल्या भारताच्या शिवा केशवनचं कौतुक निव्वळ आपला माणूस म्हणून. आणि मी खिळ्यांचे बूट लिहिलं, ते साफ चूक.

खिळ्यांचं आधी घेतो. तुम्ही बरोबर आहात, खिळे हातमोज्यांना असतात, बोटांपाशी. दुरुस्त केलंय. पण गंमत बघा, ज्या खिळ्यांवरून मला पकडलंत तेच तुमच्या पहिल्या मुद्द्याला टोचतात. सुरुवातीला खेळाडू दोन्ही बाजूंच्या दांड्या धरून मागेपुढे झोके घेतो, खांद्या-पाठीतली सगळी ताकद लावून स्वतःला पुढे फेकतो आणि मग त्या खिळ्यांनी बर्फ ओरबाडत आणखी काही हात मारतो. त्यानंतर आडवा. हाताच्या जोरावर वेग कमवायची सोय इथेच संपते, पुढे मिळालेला वेग सांडू द्यायचा नाही एवढंच हातात उरतं.

आणि गुरुत्वाकर्षणाचं म्हणाल, तर ते कुणा एकाच्या बाजूनं झुकू नये म्हणून आयोजकांचा केवढा खटाटोप! हलक्या खेळाडूला ठरावीक मर्यादेत जादा वजन बांधू देतात. घसरगाडीच्या खालच्या पोलादी पट्ट्या गरम केल्या तर त्या बर्फावर जास्त पळतात, म्हणून सुटण्याआधी त्यांचं तापमान मोजतात. मर्यादेबाहेर गेलं की खेळाडू बाद. गाडीला ब्रेक नाही. वळवायचं ते पोटऱ्यांच्या दाबानं आणि खांद्याच्या हलक्याशा रेट्यानं, तेही मान खाली ठेवून, कारण समोर नीट बघायला डोकं उचललं की हवा आडवी येते. म्हणजे वाट बरीचशी पाठच असावी लागते. हे ‘नुसतं पडून’ असेल तर शवासनात आपण सगळेच ऑलिंपिकवीर.

आता लॉख. इथे तुमचं अर्धं म्हणणं मान्य. फेलिक्स लॉखनं आधीच्या व्हँकुव्हर आणि सोची ऑलिंपिकमध्ये लागोपाठ दोन सुवर्णपदकं घेतलेली, तिसरं गळ्यात पडल्यात जमा होतं. चारपैकी तीन फेऱ्यांनंतर तोच पुढे. शेवटच्या फेरीत आघाडीवरचा गडी सगळ्यात शेवटी सुटतो, त्यामुळे डेव्हिड ग्लाइर्शर आपली फेरी संपवून खाली उभा राहून बघत होता. रविवारची संध्याकाळ होती. नवव्या वळणातून बाहेर पडताना लॉखची गाडी तिरकी गेली, वेग सांडला आणि सोन्याचा मानकरी थेट पाचव्या क्रमांकावर गेला. खाली पोचल्यावर मान खाली घालून बसलेल्या लॉखला सावरत होते ते त्याचे प्रशिक्षक, म्हणजे त्याचे वडीलच. ते दृश्य बघून मलाही वाईट वाटलं होतं.

पण म्हणून ग्लाइर्शरला फुकटात मिळालं? पहिल्या फेरीनंतर हाच ऑस्ट्रियन सगळ्यांच्या पुढे होता, हे तुम्ही सोयीस्करपणे वगळलंत. पदक एका फेरीचं नसतं, चारही फेऱ्यांच्या वेळेची बेरीज होते. ते नववं वळण त्यालाही चारदा पार करायचं होतं आणि त्यानं केलं. कसोटीत तीन डाव वरचढ राहून चौथ्यात कोसळलेल्या संघाबद्दल आपण हळहळतो, करंडक मागायला जात नाही.

अंतर किती ते बघा. अमेरिकेचा ख्रिस मॅझ्दर दुसरा आला, ०.०२६ सेकंदांनी. ताशी सव्वाशे किलोमीटरचा वेग धरून मी कागदावर हिशेब केला: जेमतेम ९० सेंटीमीटर. चार फेऱ्या मिळून! कांस्यपदकाचं तर आणखी क्रूर. जर्मनीच्या योहानेस लुडविगपेक्षा इटलीचा डॉमिनिक फिशनालर ०.००२ सेकंदांनी मागे राहिला. त्याच हिशेबानं सात सेंटीमीटर, चार बोटं. (चार वर्षांनी बीजिंगला त्यानं कांस्य मिळवलं, लुडविगनं सुवर्ण. हे मूळ लेखात घालायला हवं होतं.)

राहिला केशवन. ४० जणांत ३४वा, हे मी लपवलं नव्हतं. ‘आपला माणूस’ हा आरोपही मी झटकून टाकत नाही, थोडं आहेच तसं. पण ते त्याचं सहावं ऑलिंपिक होतं. पहिलं १९९८चं नागानो, तेव्हा वय १६. मनालीजवळच्या वशिष्ठचा हा मुलगा, आणि देशात ल्यूजची रीतसर धावपट्टीच नाही. मग गाडीला चाकं लावून हिमालयातल्या घाटरस्त्यांवर सराव, वाटेत ट्रक आणि मेंढ्यांचे कळप. ज्यांच्याकडे गोठवलेली धावपट्टी दाराशी आहे त्यांच्या क्रमांकाशी त्याचा क्रमांक ताडून तुम्ही निकाल दिलात. देऊ शकता.

फक्त एक करा. सोचीला २०१४मध्ये सरावाच्या फेरीत तो गाडीवरून उलटला होता. त्याची चित्रफीत सहज सापडेल. बर्फावर घसरत जाताना गाडी सोडत नाही, तिला ओढून अंगाखाली घेतो, पुन्हा चढतो आणि तसाच खाली जातो. ती दोनदा बघा, दुसऱ्यांदा आवाज बंद करून, आणि मग ‘नुसतं पडून’वर पुन्हा भांडू. मी इथेच आहे.