वारेत बापाचाही वाटा असतो

डॉक्टर, वारेतली (पोटातल्या बाळाला पोसणाऱ्या प्लासेंटातली) जनुकं गर्भारपणात महिन्यागणिक कशी चालू-बंद होतात, हे तुमच्या लेखात छान उलगडलंय. एक राहिलं. वार मुख्यतः बाळाच्याच पेशींची, म्हणजे निम्मी जनुकं बापाची. आयजीएफ-२ हे वाढीचं जनुक तर तिथं बापाकडून आलेलंच चालतं.

मी सांगलीत प्रसूतिगृहात नर्स आहे. वार पडली की ट्रेमध्ये पसरून बघतो, तुकडा आत राहिला नाही ना. बीपी वाढलेल्या बाईची वार बरेचदा लहान, मधे पांढरट कडक भाग. अशा वारेत एफएलटी-१ जनुक जास्त चालतं, त्याचं प्रथिन आईच्या रक्तात उतरून रक्तवाहिन्यांना त्रास देतं. आणि अशा वारेमुळे बाळ बारीक झालं तरी बोलणी सुनेलाच, "नीट खाल्लं नाहीस"! फार वाईट वाटतं. डॉक्टर, पुढचा लेख सासरच्यांसाठी लिहाच.